वर्तुळ एवढं, रंग तेवढा नाही : ब्रशच्या कर्सरचा आकार जुळत नसेल तर काय कराल?

पांढुर्णा आणि सौंसर भागात लग्नाचे अल्बम करणारे, एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर पासपोर्ट फोटो साफ करून देणारे आणि घरी बसून फ्लेक्स डिझाइन करणारे अशा अनेकांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. फोटोशॉपमध्ये ब्रशचं वर्तुळ एका आकाराचं दिसतं आणि रंग मात्र त्याच्या बाहेर पसरतो. कुणाकडे उलट घडतं, वर्तुळ मोठं आणि रेघ बारीक. कुणाचं वर्तुळच नाहीसं होतं आणि त्याच्या जागी छोटी फुली येते. मग कुणीतरी सांगतं, "सॉफ्टवेअर करप्ट झालं, विंडोज नव्यानं टाका." ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो, जमवलेले ब्रश आणि अ‍ॅक्शन पुसले जातात आणि एवढं करून दोष कधी कधी तसाच राहतो.

विंडोज नव्यानं टाकण्याची वेळ या तक्रारीत फार क्वचित येते. बहुतेकदा एखादंच सेटिंग हललेलं असतं. ते कोणतं, हे शोधायला क्रम लागतो, आणि तो क्रम पाळलात तर हे काम तुमचं तुम्हालाच करता येईल.

काहीही बदलण्याआधी एक चाचणी

दिसेल ते सेटिंग बदलत सुटू नका. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की नेमकं कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं ते कळत नाही. आधी एवढं करा :

१. नवीन फाइल उघडा, २००० बाय २००० पिक्सेल, पांढरी.
२. कंट्रोल आणि १ दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा.
३. ब्रश टूल घ्या. हार्ड राउंड ब्रश निवडा, आकार २०० पिक्सेल, हार्डनेस १००, ओपॅसिटी १००, रंग काळा.
४. पेन टॅबलेट असेल तर पेन बाजूला ठेवा. साध्या माउसनं मधोमध एकदाच क्लिक करा.
५. माउस न हलवता पाहा, वर्तुळ ठिपक्यावर तंतोतंत बसतं का?

आता ठिपका खरोखर किती मोठा उमटला तेही मोजून घ्या. एफ ८ दाबलं की इन्फो पॅनेल उघडतं. त्यातलं एकक पिक्सेल ठेवा आणि चौकोनी मार्की टूलनं ठिपक्याभोवती काठाला काठ लावून निवड करा. रुंदी आणि उंची २०० च्या आसपास यायला हवी. एखाद-दोन पिक्सेलचा फरक काठ मऊ केल्यामुळे पडतो, त्याची चिंता नको.

ठिपका २०० चा आला आणि वर्तुळही त्यावर बसलं, तर सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. गोंधळ तुमच्या नेहमीच्या ब्रशमध्ये किंवा पेनमध्ये आहे. ठिपका २०० चा, पण वर्तुळ लहान-मोठं किंवा बाजूला सरकलेलं दिसलं, तर दोष पडद्यावर चित्र दाखवण्याच्या कामात, म्हणजे विंडोज किंवा ग्राफिक्समध्ये आहे. वर्तुळच न दिसता फुली दिसली, तर लगेच खालचा भाग वाचा.

वर्तुळ गेलं, फुली आली

कॅप्स लॉक बंद करा. फोटोशॉपमध्ये कॅप्स लॉक चालू असलं की ब्रशचा कर्सर वर्तुळ सोडून अचूक फुली दाखवतो. हा बिघाड नाही, मुद्दाम दिलेली सोय आहे. आपल्या भागात मात्र ती फार जणांना अडवते, कारण इथला डिझायनर एकाच दिवसात तीन भाषा टाइप करतो. पत्रिका मराठीत, सरकारी कामाचा बॅनर हिंदीत आणि अल्बमवरची नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. नावं टाइप करून झाली की कॅप्स लॉक तसंच राहतं. देवनागरी टायपिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलण्याचं बटण म्हणूनही कॅप्स लॉक ठेवता येतं. तुमच्याकडे तसं असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरं बटण नेमा, म्हणजे कायमची कटकट मिटेल.

याच्याच जोडीची एक अडचण. ब्रश लहान-मोठा करायला आपण चौकोनी कंसाची दोन बटणं वापरतो. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असेल तर त्याच बटणांवर ड आणि नुक्ता येतात, आणि मग ब्रशचा आकार बदलेनासा होतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. कृतिदेवसारखा जुना फॉन्ट वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांचा कीबोर्ड मुळात इंग्रजीच असतो.

कॅप्स लॉक बंद असूनही फुलीच दिसत असेल तर कंट्रोल आणि के दाबून प्रेफरन्सेस उघडा आणि कर्सर्स या भागात जा. पेंटिंग कर्सर्सखाली 'प्रिसाइज' निवडलेलं असेल तर ते बदला. काय निवडायचं ते पुढे सांगितलं आहे. ब्रश पडद्यावर अगदीच बारीक दिसत असेल, म्हणजे झूम कमी आणि ब्रशही लहान असेल, तरी फुली येते. जुन्या मशिनवर ग्राफिक्सचा आधार नसेल तर खूप मोठ्या ब्रशचंही वर्तुळ काढलं जात नाही. तिथे झूम बदलून पाहा.

रंग वर्तुळाच्या बाहेर पसरतो

सर्वात जास्त तक्रारी याच आहेत आणि यात दोष बहुधा कशाचाच नसतो. मऊ ब्रशचा रंग मध्यभागी गडद असतो आणि काठाकडे विरळ होत जातो. तो नेमका कुठे संपतो? फोटोशॉपला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. कर्सर्समध्ये 'नॉर्मल ब्रश टिप' निवडलेलं असेल, तर ब्रशचा परिणाम साधारण निम्म्यावर येतो तिथे वर्तुळ काढलं जातं. त्याच्या बाहेरही रंग पडतच असतो, फक्त फिकट. 'फुल साइझ ब्रश टिप' निवडलंत तर रंग पोचतो ती जवळजवळ सगळी जागा वर्तुळात येते.

पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलजोडीचा फोटो घ्या. मागची गर्दी काढून तुम्हाला फक्त जोडी ठेवायची आहे. रंगवलेल्या शिंगांच्या टोकांवर, गोंड्यांवर आणि झुलीच्या काठावर तुम्ही मऊ ब्रशनं मास्क करता. 'नॉर्मल' ठेवलेलं असेल तर वर्तुळ शिंगापासून दूर दिसत असतानाही शिंगाची कड अर्धवट पुसली जाते. पडद्यावर ते पटकन लक्षात येत नाही. नागपूरच्या लॅबमधून छापून आल्यावर शिंगाभोवती धुरकट कड दिसते आणि पान पुन्हा छापायचा खर्च अंगावर येतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे :

- कापाकापीचं आणि मास्किंगचं काम जास्त असेल तर फुल साइझ ब्रश टिप ठेवा.
- चेहऱ्याची त्वचा आणि उजेड-सावली यांचं काम जास्त असेल तर नॉर्मल ब्रश टिप चालेल, कारण तिथे काठाच्या फिकट रंगानं बिघडत नाही.
- दोन्ही कामं करत असाल तर फुल साइझच ठेवा. ब्रश मोठा वाटेल, पण वर्तुळाबाहेर फारसं काही जाणार नाही याची खात्री राहील.
- 'शो क्रॉसहेअर इन ब्रश टिप' या खुणेवर टिचकी द्या. वर्तुळाचा मध्य दिसत राहतो.

आणखी एक उपाय मला फार उपयोगाचा वाटतो. विंडोजवर ऑल्ट दाबून माउसचं उजवं बटण धरा आणि आडवं ओढा, ब्रश लहान-मोठा होतो. उभं ओढलंत की हार्डनेस बदलतो. ओढत असताना ब्रशवर लाल छटा दिसते आणि तिच्यावरून मऊपणा कुठपर्यंत पसरला आहे ते डोळ्यांनी कळतं. कंसाची बटणं चालत नसतील तेव्हाही हा मार्ग उघडा असतो. त्यासाठी ग्राफिक्सचा आधार मात्र चालू हवा.

अजूनही अनेक स्टुडिओंत फोटोशॉप ७.० चालतं. त्यात हे दोन वेगळे पर्याय नाहीत. डिस्प्ले अँड कर्सर्समध्ये 'ब्रश साइझ' एवढंच आहे. तिथे मास्किंगसाठी हार्डनेस वाढवून काम करणं हाच खात्रीचा मार्ग.

वर्तुळाबाहेर सुटे ठिपके पडत असतील, तर ब्रश सेटिंग्जमध्ये 'स्कॅटरिंग' चालू आहे का ते पाहा. फुलं, अक्षता किंवा चमकीचे ब्रश उतरवून घेतलेले असतात, त्यांच्यात ते हमखास असतं.

वर्तुळ मोठं, रेघ बारीक

चाचणीत माउसनं ठिपका बरोबर उमटला आणि पेननं लहान उमटला, तर कारण पेनवरचा दाब आहे. पेन हलकं टेकवलं की ब्रश लहान होतो, वर्तुळ मात्र पूर्ण आकाराचं दिसत राहतं. दाबाची सोय कामाची आहे, पण ती चालू आहे हे आपल्याला माहीत असायला हवं.

वरच्या ऑप्शन बारमध्ये उजवीकडे वर्तुळ आणि पेन असं चिन्ह असलेलं, आकारासाठी दाब वापरण्याचं बटण असतं, ते बंद करा. तरी फरक पडला नाही तर ब्रश सेटिंग्ज उघडा (एफ ५), 'शेप डायनॅमिक्स'मध्ये साइझ जिटर शून्य करा आणि त्याखालचा कंट्रोल 'ऑफ'वर आणा. दाब हवाच असेल, पण रेघ फार बारीक होऊ नये असं वाटत असेल, तर तिथलाच 'मिनिमम डायामीटर' वाढवा.

पेननं हातानं गोल काढला आणि तो लांबट उमटला, तर टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये जा. टॅबलेटचं क्षेत्र दोन पडद्यांवर पसरलेलं असतं किंवा टॅबलेट आणि पडदा यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नसतं. टॅबलेट एकाच पडद्याला जोडा आणि प्रमाण कायम ठेवण्याची खूण लावा.

वर्तुळच अंड्यासारखं दिसत असेल तर दोन जागा तपासा. लग्नाच्या व्हिडिओसाठी टायटल करताना तुम्ही फिल्म अँड व्हिडिओमधली फाइल घेतली असेल, तर तिचे पिक्सेल कधी कधी चौरस नसतात. व्ह्यू मेनूतल्या 'पिक्सेल आस्पेक्ट रेशो'त 'स्क्वेअर' निवडा. ते आधीच तसं असेल तर मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर नाही. तेव्हा फोटोही ताणलेलाच दिसत असतो आणि तशा पडद्यावर कुणाचाही चेहरा सुधारू नये.

ठिपका बरोबर, वर्तुळच खोटं

इथे फोटोशॉप सोडून विंडोजमध्ये शिरावं लागतं. खालच्या क्रमानंच तपासा आणि प्रत्येक बदलानंतर फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करा.

१. माउस पॉइंटरचा आकार. हे कारण सहसा कुणी सांगत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये बाण मोठा करण्याची सोय आहे. नजर कमी झालेले ज्येष्ठ फोटोग्राफर ती वापरतात आणि ते योग्यच आहे. पण विंडोज काही वेळा बाणाबरोबर ब्रशचं वर्तुळही फुगवतं, आणि रंग मात्र मूळ आकाराचाच पडतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, माउस पॉइंटर अँड टच इथे जा. विंडोज १० मध्ये ईझ ऑफ अ‍ॅक्सेसमध्ये. आकाराची पट्टी १ वर आणा. बाण दिसायला त्रास होत असेल तर आकार १ च ठेवून पॉइंटरचा रंग गडद निवडा.

२. डिस्प्ले स्केलिंग. लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के स्केल बहुतेकदा आधीपासूनच असतं. त्याला १०० टक्क्यांचा दुसरा मॉनिटर जोडला की खिडकी इकडून तिकडे नेताना वर्तुळ चुकतं किंवा बाजूला सरकतं. दोन्ही पडद्यांचं स्केल सारखं करा, साइन आउट करून परत या. सीएस ६ आणि त्याआधीची फोटोशॉप वाढीव स्केलसाठी बनलेली नाहीत. तिथे प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज असं जाऊन खालच्या खुणेवर टिचकी द्या आणि 'सिस्टिम' निवडा. अक्षरं जराशी धूसर होतील, पण वर्तुळ आणि ठिपका एकाच मापानं दिसतील.

३. ग्राफिक्स. प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची खूण काढा आणि तीच चाचणी करा. वर्तुळ सुधारलं तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि मग खूण परत लावा. ती कायमची काढून ठेवू नका, वर सांगितलेली लाल छटा आणि इतर अनेक सोयी तिच्यावर चालतात.

२०० चा ब्रश सगळीकडे सारखा नसतो

काही वाचकांची तक्रार वेगळी असते. "काल २०० चा ब्रश मोठा होता, आज लहान झाला." ब्रशचं माप फोटोच्या पिक्सेलमध्ये असतं, पडद्याच्या नाही. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० रिझोल्यूशनला ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. त्यावर २०० चा ब्रश जवळजवळ अर्धी रुंदी व्यापतो. अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं पान त्याच रिझोल्यूशनला ३६०० बाय १०८०० पिक्सेल असतं. ते पूर्ण पान पडद्यात बसवलंत तर झूम १५ टक्क्यांच्या आसपास येतं आणि २०० चा तोच ब्रश पडद्यावर फक्त ३० पिक्सेलचा दिसतो. छापल्यावर तो पावणेदोन सेंटिमीटरच्या जरा आत असतो. म्हणून नाजूक काम नेहमी १०० टक्के झूमवर करा.

लाइटरूम क्लासिकमध्ये हे उलट आहे. तिथे ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो, त्यामुळे झूम वाढवला की त्याच ब्रशखाली फोटोचा कमी भाग येतो. तिथे दोन वर्तुळं दिसतात, आतलं पूर्ण परिणामाचं आणि बाहेरचं विरत जाणाऱ्या काठाचं. जिंप वापरणाऱ्यांनी टूल ऑप्शन्समधली 'लॉक ब्रश टू व्ह्यू' ही खूण तपासावी. ती लावलेली असेल तर जिंपचा ब्रशही पडद्याला बांधलेला राहतो. 'डायनॅमिक्स'मध्ये दाबाचा पर्याय असेल तर वर सांगितलेली बारीक रेघ तिथेही दिसेल.

रीसेट हा शेवटचा उपाय

वरचं सगळं करूनही गाडी अडली, तर प्रेफरन्सेस रीसेट करा. त्याआधी ब्रश पॅनेलमधून तुमचे ब्रश एक्सपोर्ट करा, अ‍ॅक्शन सेव्ह करा आणि दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मग कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून धरून फोटोशॉप सुरू करा. सेटिंग्जची फाइल काढायची का, असं विचारलं जाईल, तिथे 'यस' म्हणा. फक्त ब्रशच बिघडला असेल तर एवढंही नको. ऑप्शन बारमधल्या ब्रशच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'रीसेट टूल' पुरतं.

लायसन्स तोडून बसवलेल्या फोटोशॉपबद्दल एवढंच सांगतो : त्याला अपडेट मिळत नाहीत, कंपनीची मदत मिळत नाही आणि त्यासोबत येणाऱ्या व्हायरसचा धोका ग्राहकांच्या फोटोंना असतो. पैसे ही अडचण असेल तर जिंप आणि क्रिटा पूर्ण मोफत आहेत आणि पासपोर्ट फोटोपासून फ्लेक्सपर्यंतचं बरंच काम त्यांच्यावर होतं.

वस्तूच सदोष निघाली तर तुमचे हक्क

टॅबलेट नवा आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही पेन चुकीच्या जागी उमटतं, ड्रायव्हर नव्यानं टाकूनही फरक नाही. अशा वेळी वस्तू सदोष आहे असं मानायला जागा आहे. खरेदी बहुधा नागपुरात झालेली असते किंवा ऑनलाइन, आणि "राज्य दुसरं, आता कुठे जायचं" म्हणून लोक गप्प बसतात. तसं करायची गरज नाही.

- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रात असलं तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण सध्या कोणत्या आयोगाकडे जाईल ते अर्जापूर्वी विचारून घ्या.
- "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असं उत्तर मिळू शकतं. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं या अपवादात धरलेली नाही. एकट्यानं स्टुडिओ किंवा कियोस्क चालवणाऱ्यांनी हा मुद्दा तक्रारीत आवर्जून लिहावा.
- वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची असते.
- आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. अनेक प्रकरणं तिथेच मिटतात.

पुरावा मात्र पहिल्या दिवसापासून जमवा. जीएसटीचं बिल, वॉरंटी कार्ड, दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि दोष दाखवणारा मोबाइलवरचा व्हिडिओ. सुरुवातीला सांगितलेली २०० पिक्सेलची चाचणी दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर करून तीच व्हिडिओत घ्या : पेननं दिलेला ठिपका, त्याच जागी माउसनं दिलेला ठिपका आणि इन्फो पॅनेलमधले आकडे. सर्व्हिस सेंटरला टॅबलेट देताना जॉबशीटवर दोष "पेन चालत नाही" असा मोघम लिहू देऊ नका. "पेनचा ठिपका कर्सरपासून अमुक पिक्सेल बाजूला उमटतो, माउसचा बरोबर उमटतो" असं लिहून घ्या आणि त्या कागदाची सहीची प्रत स्वतःकडे ठेवा.